पंडितजींच्या गजावरची धूळ

मला सांगा, एखाद्या वस्तूवर पांढरी धूळ बसलेली दिसली, तर तुम्ही काय करता? पुसताच ना? मीही पुसली. एवढंच केलं मी. (मनाला मी सारखं हेच सांगते आहे. मन ऐकत नाही.)

पंडित वैजनाथ सांगवीकरांचं व्हायोलिन मी अकरा वर्षं ऐकते आहे, रोज, पोळ्या लाटताना. राग कोणता ते मला कळत नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत, आणि आमच्या शाळेत संगीताच्या तासाला गणित घ्यायचे. पण ते व्हायोलिन लागलं की दिवस सरळ जातो. त्यामुळे पंडितजी पुण्यात वाजवणार हे कळताच मी दोन तिकिटं काढली आणि ठरवलं, मध्यंतरात आत जाऊन पाया पडायचं आणि घरचे बेसनाचे लाडू द्यायचे.

"त्यांना डायबेटिस असेल," हे म्हणाले.

"कशावरून?"

"मोठे कलाकार आहेत. आजवर लाडू देणारे बरेच भेटले असतील."

मी लक्ष दिलं नाही. वारजेहून रिक्षानं डबा मांडीवर घेऊन गेले. तूप जरा सढळ झालं होतं.

मध्यंतरात रंगमंचामागच्या खोलीत ही गर्दी! पंडितजी कोपऱ्यात चहा घेत होते आणि पाया पडणाऱ्यांची रांग दारापर्यंत आली होती. उभ्या उभ्या मी डबा उघडून बघितला. दोन लाडू फुटले होते. ते पुन्हा वळले आणि हात पदराला पुसले.

शेजारच्या टेबलावर व्हायोलिनची पेटी उघडीच होती. अकरा वर्षं ऐकलेलं व्हायोलिन माझ्यापासून हातभर अंतरावर! आणि ज्या गजानं ते वाजवतात, त्याच्या केसांवर पिठासारखा पांढरा थर. माझा जीव कळवळला. एवढा मोठा माणूस आणि बघणारं कोणी नाही! मी पदर घेतला आणि गज पुसला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. केस कसे चकचकीत झाले.

मग पाया पडले, डबा दिला आणि जागेवर येऊन बसले. "पंडितजींचं एक काम करून आले," मी ह्यांना ऐटीत सांगितलं.

पडदा उघडला. पंडितजींनी डोळे मिटले आणि गज तारेवर ओढला.

आवाजच नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. पलीकडच्या सोसायटीत मांजर ओरडावं, तेवढा आला. त्यांनी पुन्हा ओढला. गज नुसता घसरला.

"वा! काय हळुवार!" माझ्या पुढचे गृहस्थ मान डोलावत म्हणाले.

पंडितजी थांबले. त्यांनी गज नाकाशी नेला. माईक चालू होता.

"नम्रता, याला तुपाचा वास येतोय."

नम्रता त्यांची शिष्या. तिशीची असेल, मागे तानपुऱ्यावर बसली होती. "मी हात नाही लावला, गुरुजी."

"मग राळ कुठे गेली? राळेशिवाय गज तार धरतो का? परवाच नवे केस बसवलेत. वाद्य तुझ्यावर सोपवून मी कोपऱ्यात चहा घेत होतो, आणि तू त्याच्याजवळ बसून खात होतीस?"

ती पांढरी धूळ म्हणजे राळ, आणि ती मुद्दाम घासून लावतात, हे मला तेव्हा कळलं. (सभागृहात बहुतेक सगळ्यांना ते आधीच माहीत असावं.)

"खरंच नाही, गुरुजी..." नम्रताचा आवाज कापायला लागला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पदरावरच्या डागाकडे. "आम्रपाली, काय काम करून आलीस?"

"गप्प बसा ना."

"मी गप्पच आहे. ती रडतेय."

मी खाली बघत राहिले. उठले, तर ज्या माणसाला अकरा वर्षं मानलं, तो मला जन्मभर याच गोष्टीसाठी ओळखणार. नाही उठले, तर ती पोरगी माझ्या तुपापायी बोलणी खाणार. तिनं डोळे पुसले, तेव्हा कुठे मी उभी राहिले.

"पंडितजी, गज मी पुसला. मला धूळ वाटली. पदरानं पुसला."

"पदराला तूप होतं?"

"लाडवांचं. तुम्हाला दिलेत, तेच."

सभागृह असं हसलं की मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, तबला राहिला पुसायचा!"

पंडितजी मात्र हसले नाहीत. ते नम्रताकडे वळले, "चुकलो गं," म्हणाले आणि शेजारी ठेवलेल्या पेटीतला दुसरा गज काढला. मग मला म्हणाले, "बसा, ताई. आणि आता हात मांडीवरच राहू द्या."

त्यानंतर त्यांनी तासभर वाजवलं. लोक म्हणतात, फार सुंदर वाजवलं. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

बाहेर नम्रता भेटली. मी हात जोडले.

"बोललात ते बरं झालं, काकू," ती म्हणाली. "जरा आधी बोलला असतात तर..." वाक्य तसंच सोडून ती गेली. मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गेली सव्वीस वर्षं हे रोज पेपर उघडण्याआधी चष्मा माझ्यापुढे धरतात आणि मी तो पुसून देते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो स्वतःच्या बनियनला पुसला.