हरकतआबांची पंचमी

सांगवीतलं एक लग्न. मंगलाष्टकं संपत आली, भटजींनी शेवटच्या 'सावधान'साठी छाती भरून श्वास घेतला आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "हरकत हाय!"

नवरदेव पांढराफटक पडला. नवरीच्या बापाने मांडवाचा खांब धरला. बँडवाल्याला वाटलं हीच खूण, त्याने वाजवायला सुरुवात केली. चौकशी केल्यावर कळलं, हरकत नवरदेवाबद्दल नव्हतीच. बाप्ये मांडवाच्या सावलीत आणि बायका-पोरं बाहेर उन्हात, याबद्दल होती. बायका आत आल्या, बाप्ये सरकले, मग लग्न लागलं. तो नवरदेव अजूनही त्या हरकत घेणाऱ्या म्हाताऱ्याला पाहिलं की रस्ता बदलतो.

तर हे आमचे हरकतआबा. खरं नाव बिरा. वाडवडिलांनी मेंढरं राखली, आबांनी शेती केली. कळप सोडला तो असा सोडला, की सगळे जिकडे निघतील तिकडून हे परत येणार.

इंदापुरात एका खताच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथं आमचं मानवी हक्क केंद्र चालतं. पगार कुणालाच नाही, जिना मात्र सगळ्यांना. गाव म्हणतं, "खाली खत, वर हक्क." खालचा माल जास्त खपतो.

मी बारामतीहून पहिल्यांदा तिथं गेले ती भाषण घेऊन. नुकतीच सासू झाले होते, म्हणजे जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असं वाटायचं वय. कडक इस्त्रीची साडी, गरज नसताना नाकावर चष्मा आणि वाक्यागणिक 'मानवी प्रतिष्ठा'. किती गोड मूर्ख होते मी! भाषण संपल्यावर एका म्हातारीने विचारलं, "बाई, ही परतिष्ठा मिळायला आधार कार्ड लागतं का?"

मी हसले. आबा म्हणाले, "लागतं की. आन् बोटाचा ठसा उमटला न्हाय, तर उद्या या म्हणत्यात."

मग चहा आला आणि कुणाच्या तरी धक्क्याने तो माझ्या इस्त्रीवर सांडला. मी शहरी गोडव्याने म्हटलं, "काही हरकत नाही."

आबा उभे राहिले. तसे ते कधी बसतच नाहीत. खुर्ची दिली की तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्याभोवती फिरतात. "हरकत न्हाय? लुगडं तुमचं, डाग तुमचा, आन् हरकत न्हाय? अवो आक्का, हे दोन शब्द बोलून बोलून आपलं वाटोळं झालंय. राशन मिळालं न्हाय, हरकत न्हाय. डाक्टर आला न्हाय, हरकत न्हाय. हितं हा शब्द बंद हाय."

तेव्हापासून आमच्या केंद्रात 'काही हरकत नाही' म्हणायची चोरी. पायावर पाय पडला तरी आम्ही "हरकत आहे, पण असू दे" म्हणतो. घरी सवयीने सुनेला असं म्हणाले, तर ती दोन दिवस अबोला धरून बसली.

आबांचा आवडता वर्ग हक्कसोडीचा. आमच्या भागात बाप गेला की भाऊ बहिणीला तालुक्याला घेऊन जातो, तिथं ती जमिनीतला आपला वाटा सोडून देते आणि भावाने घेतलेली साडी नेसून परत येते. कायदा काही म्हणो, रीत ही अशी. आबा वर्गात याची तालीम घेतात. स्वतः भाऊ होतात आणि समोरच्या बाईने 'नाही' म्हणायचं. भाऊ ते इतका हुबेहूब करतात, की मागे एकदा मीच, जिला सख्खा भाऊ नाही, माझा वाटा त्यांना देऊन बसले होते.

त्या रविवारी समोर सुरेखा होती. शेळगावची लेक, सांगवीची सून. दुसऱ्याच दिवशी तिचा भाऊ तिला सहीला नेणार होता.

"ताये," आबांनी गळा काढला, "तुला काय कमी केलं आमी? तुझं बाळंतपण केलं, सणाला आणली, नेली. आता येका सहीसाठी भावाला तोंडघशी पाडती व्हय?"

बायका खुदखुदल्या. सुरेखा पदराशी खेळत म्हणाली, "हरकत न्हाय, दादा."

"आगं हाय म्हण! परत. ताये..."

"हरकत न्हाय, दादा."

"सुरेखा, वाटा तुझाय!"

"वाटा गेला तर गेला, आबा," ती एकदम म्हणाली. "पर पंचमीला मुराळी कोण येणार? भावानं न्ह्यायला यायचं बंद केलं, तर सासरी तोंड कसं दाखवू? तुमी शिकवून मोकळं. माहेर माझं तुटतंय."

आबा खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बोलू लागले.

"माझी भन सोना बी असंच म्हणली. बावड्यास्नं मीच आणली तिला. हितंच, इंदापुरात भजी चारली. हरकत न्हाय दादा म्हणली आन् आंगठा दिला. त्यानंतर माझा उंबरा वलांडला न्हाय तिनं."

मी घाईने म्हटलं, "मग तिचा वाटा परत द्या की, आबा!"

"दिलाय, आक्का. नावावर केला, सातबारा तिच्या हातात दिला. तर म्हणली, हरकत न्हाय, ठिव तितं कणगीवर."

दुसऱ्या दिवशी सुरेखा कचेरीत भावाला एवढंच म्हणाली, "दादा, मला इचार करायचाय." भाऊ तिला तिथंच सोडून गाडी घेऊन निघून गेला. ती जिना चढून आमच्याकडे आली, पाणी प्याली आणि एसटीने सांगवीला गेली. पुढे शेळगावाहून फोन नाही, निरोप नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आबा सकाळीच बारामतीला माझ्या दारात. हातात बांगड्यांचा डबा. "आक्का, गाडी काढा. सुरेखाला आणायला जायचंय. मी मुराळी."

माझी गाडी माझ्याच वयाची, आणि आबा शेजारी बसून आपल्या पायाने ब्रेक दाबत होते. सांगवी येईपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, "ती न्हाय म्हणली तर?"

सुरेखाच्या सासूने चहा केला. आबा तो अंगणात उभ्याने प्याले. सुरेखाने बांगड्या घेतल्या, डोळे पुसले, पिशवी भरली आणि पिशवी हातात घेऊनच विचारलं, "आबा, सोनाआत्याला कधी आणणार?"

"सांगितलं की, तिचं रान दिलं परत."

"रान दिलंत. पर पंचमीला आणायला गेलावता का?"

आबांनी कप ओट्यावर ठेवला. "कुठल्या तोंडानं जाऊ, पोरी? म्हणलं, तिचं तिला दिलंय, आता तिच्या मनानं यील."

"अवो, बोलावल्याबिगर कोण लेक माहेरी जाती?" सुरेखा जवळजवळ ओरडली. "सातबारा काय मुराळी असतो व्हय?"

हक्काचा माणूस, आणि एवढी साधी रीत विसरला! मला हसू आलं, मग येईना. बिचारी तिकडे वाट बघत होती, हा इकडे वाट बघत होता, आणि मधे कणगीवर सातबारा.

"मी येती तुमच्यासंगं," सुरेखा म्हणाली, "पर आधी बावडा."

सांगवीहून बावडा म्हणजे बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुके आडवे कापायचे. आबा वाटेत दोनदा उतरले. एकदा लघवीला, एकदा नुसतेच. दुसऱ्या वेळी उसाच्या कडेला गाडीपाशी उभे राहून म्हणाले, "उगं माघारी फिरायचं का?" सुरेखाने खिडकीतून त्यांचा सदरा धरला.

सोनाबाई दारात शेंगा फोडत होत्या. आबांसारखंच नाक, आबांसारखीच जिवणी. भावाला पाहून हात थांबले, पण त्या उठल्या नाहीत.

आबा अंगणात उभे. लग्न थांबवणारा तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. "सोने," ते कसंबसं म्हणाले, "उद्या पंचमी हाय."

"ठावं हाय."

"न्ह्यायला आलोय."

सोनाबाईंनी आधी माझ्याकडे, मग सुरेखाकडे पाहिलं. "आन् ह्या दोघी? येकट्याला भ्या वाटलं व्हय रे?"

"व्हय," आबा म्हणाले.

सोनाबाईंनी मांडीवरची टरफलं झटकली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, "थांब. लुगडं बदलती."