न पुसलेल्या फाइलींचा खुलासा

आमच्या कार्यालयातल्या संगणकावरची एकूण एक फाइल पुसली गेली, आणि ती मी पुसली. मात्र असं काही घडलंच नाही असा खुलासा कार्यालयाने केला असल्यामुळे पुढची हकिकत न घडलेली समजून वाचावी.

शुक्रवारी वरून पत्र आलं : सर्व फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावी. मी घेतली. हेडक्लार्कबाईंनी पेनड्राइव्ह पाकिटात घातला, पाकिटाला लाखेचं सील ठोकलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आता संगणकावरच्या पूस."

"अहो बाई, दोन्हीकडे असाव्यात म्हणून तर..."

"एका फाइलीच्या दोन प्रती म्हणजे दुबार नोंद. तपासणीत उत्तर कोण देणार, तुझे काका?"

काका निवृत्त आहेत. मी पुसल्या.

सोमवारी माझ्याच कायम नेमणुकीच्या आदेशाची गरज पडली. नऊ वर्षं हंगामी काढून मी नुकताच कायम झालो होतो. होणाऱ्या सासऱ्यांचा माझ्यावर विश्वास होता, पण शिक्क्यावर जास्त. बाईंनी सील फोडलं, आदेश छापला, शिक्का उचलला आणि हात हवेतच थांबवला.

"शिक्क्यावर काय लिहिलंय? 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले.' मूळ दाखव, मारते."

"मूळ तुम्हीच पुसायला लावलंत!"

"हळू बोल. संगणकाला हात लावायचा अधिकार कायम माणसाला. तू कायम असल्याचा पुरावा नाही. म्हणजे तू हात लावलाच नाहीस, म्हणजे काही पुसलंच गेलं नाही. बघ, वाचवलं की नाही तुला?"

"मग फाइली शोधून तरी द्या."

"हरवल्याच नाहीत त्या शोधू कशाला?" बाईंना एकदम काहीतरी आठवलं. "अरे देवा! मूळ फाइली जागच्या जागी आहेत, म्हणजे हा पेनड्राइव्ह दुबार झाला. पूस बघू."

"पण मी कायम नाही ना?"

"म्हणून तर तुला सांगतेय. तू पुसलंस की ते पुसलं गेलं असं होत नाही."

मी पुसला.

सासऱ्यांनी मुलीसाठी दुसरं स्थळ पाहायला घेतलं आहे. माझं स्थळ त्यांनी नाकारलेलं नाही. ते आलंच नव्हतं, असं ते म्हणतात.

सबब विनंती की, मला गेल्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता, पूर्वलक्षी प्रभावाने, बाईंना 'नाही' म्हणण्याची परवानगी मिळावी. तसेच हा अर्ज वाचल्यामुळे आपल्या डोक्यात त्याची दुसरी प्रत तयार झाली आहे. दुबार नोंद टाळण्यासाठी आपण ती तत्काळ पुसावी आणि काय पुसलं याच्या तपशिलासह तसा दाखला सोबत जोडावा.