तीनशे बारा उत्स्फूर्त पत्रं

"साहेब, तुम्ही निर्धास्त राहा! लोकांचा उत्स्फूर्त विरोध सोमवारी सकाळी बरोबर दहाला सुरू होईल!"

जनसंपर्क अधिकाऱ्याने फोन ठेवला आणि बायकोकडे असं बघितलं, की जणू विरोध त्याने स्वतः विहिरीतून शेंदून काढलाय.

हा गृहस्थ एका बड्या तेल कंपनीत होता. राज्य सरकारने तेल कंपन्यांवर नवा कर बसवायचा घाट घातला होता. कंपनीला नफा इतका झाला होता की तो सांगताना साहेबांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. आता थोडा आम्हालाही द्या, असं सरकार म्हणत होतं. कंपनी म्हणत होती, आमचं काय हो, आम्ही देऊ. पण सामान्य माणूस मरेल त्याचं काय? सामान्य माणसाची आठवण कंपनीला अशी अधूनमधून येते आणि आली की गहिवरूनच येते.

कर लावावा की नाही, हे विचारायला सरकारची समिती गावात येणार होती. सुनावणी यशस्वी झाली तर मुख्य कार्यालयात बढती, नाही तर गावाबाहेरच्या डेपोत बदली, असं साहेबांनी याला स्पष्ट सांगितलं होतं. डेपोत तेलाच्या चार टाक्या आणि एक कुत्रा होता. जनसंपर्क ठेवायचा तर त्या कुत्र्याशीच.

पण आमचा गडी घाबरतोय कसला! त्याने एका बैठकीत पत्र लिहून काढलं. 'मी एक सामान्य नागरिक आहे. माझा थोरला मुलगा रोज स्कूटरने कामावर जातो. हा कर लागला तर पेट्रोल महागेल, तो घरी बसेल आणि आमची चूल विझेल.' पुढे बरंच काही होतं आणि शेवटी पुन्हा एकदा चूल विझत होती.

"हे सगळ्यांना छापून वाटणार?" बायकोने विचारलं.

"छापून? छे! छापलेलं पत्र समिती फेकून देते. प्रत्येकाने आपल्या हाताने उतरवून काढायचं! अक्षर वेगळं, शाई वेगळी, कागद वेगळा. याला म्हणतात डोकं!"

"आणि लोक का उतरवतील?"

"एका पत्राला एक छत्री!"

कंपनीच्या नावाच्या निळ्या छत्र्या गोदामात वर्षभर धूळ खात पडल्या होत्या. चार दिवसांत तीनशे बारा छत्र्या संपल्या. दंतवैद्याने एक नेली, दोन्ही न्हाव्यांनी एकेक नेली, शिंपीणबाईंनी नेली. फुकटची वस्तू म्हटल्यावर लोकांचा विरोध कसा उफाळून आला, हे बघून याला भरून आलं.

राहता राहिली एक अट. पत्रांचा गठ्ठा गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाने समितीपुढे सादर करायचा होता आणि 'मी ही पत्रे वाचली आहेत' असं लिहून सही करायची होती. असा माणूस याच्या घरातच होता. याचे सासरे! चौतीस वर्षं हेडमास्तर. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, आणि त्यातल्या निम्म्यांचे कान त्यांच्या हातातून गेलेले. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत.

"अण्णा, तुम्ही फक्त एक सही करा," हा गोडीत म्हणाला.

"विषय काय आहे, जावईबापू?"

"तेलावरच्या कराला लोकांचा विरोध."

"अरे वा! मलाही तो कर पटलेला नाही," अण्णा म्हणाले. "कंपन्यांवर लावलेला कर शेवटी गिऱ्हाइकाच्याच गळ्यात येतो, असा माझा अंदाज आहे. लोकांनी काय लिहिलंय ते वाचतो."

"अहो, वाचायचं कशाला? नुसती सही!"

"न वाचता मी प्रगतिपुस्तकावरसुद्धा सही केली नाही," असं म्हणून अण्णा गठ्ठा घेऊन खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तासाभराने बायको अण्णांच्या खोलीतून बाहेर आली. "अहो, अण्णा लाल पेन मागतायत."

"दे की! लाल सही लांबून उठून दिसते!"

बायको हेडमास्तरांची मुलगी होती. लाल पेन म्हणजे काय, हे तिला पाळण्यातच कळलं होतं. पण नवऱ्याला समजावून सांगायचं तिने लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं होतं.

सोमवारी नगर सभागृह खचाखच भरलं. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी प्रत्येकाच्या हातात निळी छत्री! मोठे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. आमचा गडी त्यांच्या शेजारी, कोट घालून. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि अण्णांना बोलावलं.

अण्णा उभे राहिले. मागच्या तीन रांगा सवयीने उभ्या राहिल्या.

"बसा," अण्णा म्हणाले. रांगा बसल्या. "अध्यक्ष महोदया, मी तीनशे बारा पत्रं वाचली. आणि मला सांगायला लाज वाटते, की या गावात सामुदायिक कॉपी झालेली आहे."

साहेबांनी याच्याकडे बघितलं. याने छताकडे बघितलं.

"पहिलं पत्र. दंतवैद्य, उभा राहा! तुझा थोरला मुलगा स्कूटरने कामावर जातो, असं तू लिहिलंयस. तुझं लग्न कधी झालं?"

"नाही झालं, सर."

"मग?"

"सगळ्यांनीच लिहिलं होतं, सर!"

"सगळे खड्ड्यात उडी मारतील तर तू मारशील?" अण्णांनी पुढचं पत्र काढलं. "शिंपीणबाई! तुम्हाला तीन मुली. हा थोरला मुलगा कुठून काढलात?"

"अहो मास्तर, मी आधी मुलगी लिहिलं होतं! पण छत्री वाटणारा म्हणाला, जसंच्या तसं उतरवा, नाही तर छत्री नाही!"

"आणि हे पत्र आश्रमातल्या साध्वींचं. त्यांचाही मुलगा स्कूटर चालवतो!"

आता मात्र हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. अध्यक्षबाईंनी फाइल तोंडापुढे धरली होती आणि फाइल हलत होती. अण्णा तेवढे हसत नव्हते. कॉपी हा त्यांच्या दृष्टीने हसण्याचा विषय नव्हताच.

"मूळ उत्तरपत्रिका कोणाची आहे?" त्यांनी गरजून विचारलं.

तीनशे बारा निळ्या छत्र्या एकदम वर झाल्या आणि कोट घातलेल्या त्या एका माणसावर रोखल्या गेल्या! दंतवैद्याची तर चुकून उघडलीसुद्धा.

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. जावयाला नात्याखातर सूट मिळेल अशी शेवटची आशा होती. पण अण्णांनी एकदा स्वतःच्या मुलीलाच नापास केलं होतं.

"महोदया, मी स्वतः या कराच्या विरोधात होतो," ते म्हणाले. "पण तीनशे बारा पत्रं वाचून माझं मत बदललं. ज्यांच्या बाजूने बोलायला एकही खरा माणूस सापडत नाही, त्यांच्यावर कर लावून बघायला हरकत नाही."

म्हणजे संपूर्ण गावात या कराचा एकच खराखुरा विरोधक होता, आणि तोही कंपनीने छत्र्या वाटून घालवला!

अध्यक्षबाई भल्या होत्या. खरोखर कोणाचा विरोध असेल, तर त्याने स्वतःच्या शब्दांत पत्र लिहून पाच वाजेपर्यंत द्यावं, असं त्यांनी जाहीर केलं. साहेबांनी याला दाराबाहेर गाठलं.

"एक पत्र! फक्त एक! दुसऱ्या कोणाकडून नको, तू स्वतः लिही. तुला तरी वाटतं ना, हा कर वाईट आहे?"

"वाटतं म्हणजे काय, साहेब! अगदी मनापासून!"

"मग मनातलं लिही. नाही तर उद्यापासून डेपो!"

हा धावत घरी आला. अण्णांनी टेबलावर कोरा कागद ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून ते आत गेले. गडी लिहायला बसला. तीन वाजले. साडेतीन झाले. त्याने पेन चावलं, पंखा कमी केला, पंखा वाढवला. कराबद्दल आपल्याला काय वाटतं, हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यानेही कधी स्वतःला तो त्रास दिला नव्हता! मनात खोल उतरून बघितलं तर तिथे कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. शाळेतून आलेली त्याची एकुलती एक मुलगी समोर बसून गृहपाठ करत होती. तिची दोन पानं भरून झाली तरी याचा कागद कोराच.

साडेचारला मात्र पेन एकदाचं चालायला लागलं. सरसर, न थांबता! पंधरा मिनिटांत पान भरलं. कपाळावरचा घाम पुसून त्याने ते विजयाने बायकोच्या हातात दिलं.

"वाच! प्रत्येक शब्द माझा स्वतःचा आहे!"

बायकोने पहिल्या दोन ओळी वाचल्या. गृहपाठ करणाऱ्या मुलीकडे एकदा बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

"आपला थोरला मुलगा स्कूटरने कामावर जातो?" ती म्हणाली. "मला कधी भेटवताय त्याला?"