गोदामासाठी उमेदवार

शनिवारी सकाळी अद्वोबाने मावशीची बैठकीची खोली ओळखू येणार नाही अशी करून टाकली. सोफा भिंतीला, टीव्हीवर चादर, जेवणाचं टेबल मधोमध. टेबलाच्या एका बाजूला दोन खुर्च्या आणि समोर एकच. मावशी अक्राला गेली होती म्हणून बरं. नाहीतर त्या एकट्या खुर्चीकडे बघून तिने विचारलं असतं, "कुणाला शिक्षा करायचीय?"

शिक्षा नव्हती, मुलाखत होती. अद्वोबा केप कोस्टला मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती. हे मनुष्यबळ म्हणजे काय ते नातेवाइकांना समजावून सांगताना तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. "माणसं नेमायला शिकतेस? त्यात शिकायचं काय? हाक मारली की येतात," असं तिचे वडील अजूनही म्हणायचे. आज मात्र खरी परीक्षा होती. प्रत्येकाने एक कंपनी कल्पायची, एक जागा भरायची आणि खऱ्याखुऱ्या मुलाखती घ्यायच्या. कॉलेजात रंगकाम चालू असल्यामुळे खोली ज्याची त्याने शोधायची. उमेदवार ओळखीचे नसावेत, अशी डॉ. क्वान्साह यांची अट होती. ते स्वतः शेजारी बसून गुण देणार होते.

अद्वोबाची कंपनी कोकोची होती आणि तिला गोदाम सांभाळणारा हवा होता. उमेदवार गोळा करण्याचं काम वर्गातल्या एबोकडे होतं. अद्वोबा इतकी उल्हसित होती, की आरशासमोर उभी राहून नुसतं "बसा" हा एक शब्द किती हसून म्हणायचा याचाच सराव तिने सकाळपासून चालवला होता. हसू जास्त झालं तर कंपनी गरजू वाटते आणि कमी झालं तर उमेदवार पळतो.

डॉ. क्वान्साह वेळेवर आले, खुर्चीत बसले आणि चष्मा पुसू लागले. "मी इथे नाही असं समजा," ते म्हणाले. काळा सूट घातलेला तो धिप्पाड माणूस तिथे नाही असं समजणं अवघड होतं. तेवढ्यात एबोचा निरोप आला, 'निघालेत, पोचतीलच.' आणि लगेच दारातून आत यायची परवानगी मागणारा आवाज आला, "अगो."

"आमे, या," अद्वोबा म्हणाली. हसू बरोबर जमलं होतं.

आत तिघं आली. खांद्यावरून भारी कापड घेतलेले एक वयस्कर गृहस्थ, नटूनथटून आलेल्या एक बाई आणि त्यांच्यामागे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात घामाघूम झालेला एक तरुण. अद्वोबाने मनात एबोला हात जोडले. हा एबो असाच. मागे 'कर्मचाऱ्यांचा उत्साह' या विषयावर बोलताना त्याने वर्गात ढोल आणला होता. आज त्याने उमेदवाराबरोबर अख्खं कुटुंब धाडलं होतं. अनपेक्षित प्रसंगात डोकं शांत ठेवायचं, हे दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं होतं.

"मी अर्कू. हा माझा भाचा, फीफी. ही माझी बहीण, मान्सा," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून श्नॅप्स मद्याच्या दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

मुलाखतीला बाटल्या, त्याही सरांच्या डोळ्यांदेखत. मग अद्वोबाच्या लक्षात आलं की हा परीक्षेतला सापळा असणार. तिने दोन्ही बाटल्या हळूच पलीकडे सरकवल्या.

"माफ करा, असल्या वस्तू आम्ही घेत नाही."

अर्कूमामांचा चेहरा उतरला. "म्हणजे नकार समजायचा?"

"नकार कसला? आधी बोलू तर द्या. पसंत पडलं तर पुढचं."

अर्कूमामांनी डॉ. क्वान्साह यांच्याकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं. मामांना वाटलं, घरातला कर्ता पुरुष हाच आणि भलताच कडक दिसतोय. ते घसा खाकरून ताठ उभे राहिले. "आम्ही या रस्त्याने जात होतो. तुमच्या अंगणात एक सुंदर फूल दिसलं. ते खुडायची परवानगी मागायला आलोय."

अद्वोबाला भाषा आवडली. "छान बोललात. पण आमच्याकडे फुलांचं काम नाही, गोदामाचं आहे."

मामा मनापासून हसत सोफ्यावर बसले. मुलीकडची माणसं आधी असे आढेवेढे घेणारच, त्याशिवाय बैठकीला रंग कसा चढायचा? "गोदाम तर गोदाम. आतला माल उत्तम आहे असं ऐकलंय."

"उत्तमच आहे. पण तो सांभाळायला माणूसही तसाच लागतो. जमेल यांना?"

"सांभाळेल. देवाच्या कृपेने वाढवेलसुद्धा," मामा म्हणाले. मान्साबाई हाताआड हसल्या आणि फीफीचे कान लाल झाले.

"आता त्यांनाच बोलू द्या," अद्वोबा म्हणाली. "बसा, मिस्टर फीफी. आमच्याकडे यावंसं का वाटलं?"

फीफी खुर्चीच्या कडेवर टेकला. "पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाच ठरवलं. यायचं तर इथेच."

"याआधीचा अनुभव?"

फीफीने मामाकडे बघितलं. मामा छताकडे बघू लागले. "एक आहे," तो कसाबसा म्हणाला. "टेमा शहरात. फार दिवस नाही टिकलं."

"का सोडलंत?"

"मी नाही सोडलं. तिकडे दुसरा मिळाला. गाडीवाला."

अद्वोबाला त्याचा प्रामाणिकपणा भावला. शेजारी सरांची लेखणी भराभर चालली होती आणि त्या आवाजाने तिला चेव चढला. "तुमचा एखादा दोष सांगा."

"घोरतो."

"त्याने कामात अडचण येत नाही. वरिष्ठांशी मतभेद झाले तर?"

"गप्प बसेन. आमचे बाबा जन्मभर तेच करत आलेत."

"उत्तम. आणि रात्रपाळीला तुमची हरकत नाही ना?"

फीफी सदऱ्याच्या बटणाशी खेळू लागला. मान्साबाई पुढे वाकून म्हणाल्या, "पोरी, असं चारचौघांत विचारतात का गं?"

"बाई, हे आधीच स्पष्ट झालेलं बरं. नंतर तक्रारी येतात."

"तेही खरंच," मान्साबाई पुटपुटल्या. "माझ्या वेळी कुणी विचारायला हवं होतं."

अद्वोबा आता पुरती रंगात आली होती. आजवर पाठ केलेलं सगळं कसं जिभेवर येऊन उभं राहत होतं. "तुम्ही मला पसंत आहात," ती म्हणाली. "पण आमचा नियम आहे. पहिले तीन महिने परीक्षेवर ठेवायचं. काम पटलं तर कायम, नाहीतर परत."

अर्कूमामा ताडकन उठले. "परत? आमच्या मुलाला वापरून परत पाठवणार?"

"तसा कायदाच आहे," इतका वेळ तिथे नसलेले डॉ. क्वान्साह न राहवून बोलले.

"कुठल्या देशाचा?"

"शांत व्हा मामा," अद्वोबा म्हणाली. "अजून काही ठरलेलं नाही. यांच्यासारखे आणखी चौघे यायचेत. सगळ्यांना पारखू आणि मगच एकाला घेऊ."

मामांना पुढचं बोलायला वेळच मिळाला नाही. पंक्चर झालेल्या ट्रोट्रो व्हॅनमधून उतरून धावत आलेले चार तरुण टाय सावरत दारात उभे होते. "मुलाखत इथेच ना? उशीर झाला, सॉरी," त्यातला उंच मुलगा म्हणाला.

फीफी खुर्चीतून उठला. तो त्या मुलाकडे वळला. "तू तिला कुठे भेटलास?"

"कुणाला? मी कुणाला ओळखत नाही. एबो म्हणाला, चल, दहा मिनिटांचं काम आहे, नंतर मक्याचं केंके आणि तळलेले मासे देतो."

"दहा मिनिटांचं काम?" फीफी किंचाळला आणि त्याने त्या मुलाचा टाय धरला. मुलाने त्याचा सदरा धरला. सदऱ्याची दोन बटणं सरांच्या चष्म्यावर जाऊन आपटली. मामांनी बाटल्या छातीशी घेतल्या, मान्साबाईंनी मामांना धरलं, आणि अद्वोबा "एकेकाने बोला, एकेकाने बोला" म्हणत टेबलाभोवती फिरू लागली. भांडण मिटवणं हा विषय चौथ्या वर्षाला होता.

हा गलका भिंतीपलीकडे गेला नसता तरच नवल. शेजारच्या एकुआबाई हातात पळी घेऊनच आल्या. त्यांच्या घरी सकाळपासून चुलीवर पातेली चढली होती. "आमचे पाहुणे तुमच्याकडे काय करतायत?" त्यांनी विचारलं. त्यांच्यामागून त्यांची भाची एवुरामा डोकावली आणि म्हणाली, "फीफी, तू इथे कसा?"

फीफीने टाय सोडला. "तू सांगितलंस, हिरवं फाटक."

"हिरवी दोन आहेत रे. आमचं दुसरं."

सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मागणी घालायला, रीतीप्रमाणे बाटल्या घेऊन आलेली माणसं गोदामाच्या नोकरीसाठी तपासली गेली होती. आपण काय काय विचारलं हे अद्वोबाला एकेक करून आठवू लागलं. रात्रपाळीपाशी आल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मामा, मला क्षमा करा," ती कशीबशी म्हणाली. पदवी तर गेलीच, पण एका मुलीचं जमत आलेलं लग्नही आपण मोडलं, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

एकुआबाई मात्र सोफ्यावर टेकल्या. "थांब. काय काय विचारलंस याला?"

अद्वोबाने खालमानेने सगळं सांगितलं. टेमाचं सांगितलं, घोरण्याचं सांगितलं, वडिलांच्या गप्प बसण्याचंही सांगितलं. एकुआबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आमच्याकडून बोलायला जे काका बसलेत, ते दोन वेळा शेती किती आणि चर्च कुठलं ते विचारतील आणि पेला उचलतील," त्या म्हणाल्या. "तू चल. उरलेलं आमच्याकडे बसून विचार."

अशी ती वरात शेजारच्या हिरव्या फाटकातून आत गेली. बाटल्या मामांच्या हातात आणि मागे ते चार उमेदवार, कारण माशांचा वास तिथूनच येत होता. गुण देणं अर्धवट राहिलं म्हणून डॉ. क्वान्साहही गेले. काकांना कोपऱ्यात खुर्ची मिळाली. अद्वोबाने या वेळी आधी उमेदवाराचं नाव विचारलं, मग मुलीचं, आणि दोन्ही बरोबर असल्याची खात्री करून पुढे गेली. शेवटी तिने एवुरामाला विचारलं, "तुमची काही अट?"

"एकच," एवुरामा फीफीकडे न बघता म्हणाली. "ती तीन महिन्यांची गोष्ट मला आवडली. लग्न त्यानंतर ठरवू."

अर्कूमामांनी तोंड उघडलं. मान्साबाईंनी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. तोंड मिटलं आणि बाटल्या स्वीकारल्या गेल्या.

सोमवारी डॉ. क्वान्साह यांनी अद्वोबाला खोलीत बोलावलं. ती रात्रभर झोपली नव्हती. सर चष्मा पुसत राहिले.

"उमेदवार कोण आहे याची खातरजमा केली नाहीत, त्याचे गुण कापले," ते म्हणाले. "बाकी या वर्गात इतकी चांगली मुलाखत मी पाहिलेली नाही. पास आहात."

अद्वोबाला तिथेच नाचावंसं वाटलं. आभार मानून ती दाराकडे वळली.

"थांबा," सर म्हणाले. ते उठले, दार लावलं आणि टेबलाला वळसा घालून विद्यार्थ्यांच्या खुर्चीत येऊन बसले. त्या अवाढव्य माणसाला ती खुर्ची फारच लहान होती. "ग्रंथालयातल्या मिस अबाकाह आहेत ना," ते टेबलाच्या पायाकडे बघत म्हणाले. "रविवारी मी माझ्या मामांना घेऊन त्यांच्या घरी जातोय. तुम्ही जरा मला ते प्रश्न विचारा. सगळे. पहिल्यापासून."

अद्वोबा पलीकडे गेली, सरांच्या खुर्चीत ताठ बसली आणि बेताचं हसली.

"बसा," ती बसलेल्या सरांना म्हणाली. "याआधीचा अनुभव?"

डॉ. क्वान्साह यांनी पुन्हा चष्मा काढला. "काहीच नाही," ते हळूच म्हणाले.

"हरकत नाही, सर," अद्वोबा म्हणाली. "आम्ही नवख्यांनाही संधी देतो."