नोंद पुसण्यासाठी नोंद हवी

माफी हे राज्याचे भूषण असते, आणि भूषण म्हटले की ते रोज वापरायचे नसते. ओहायोतल्या एका लहान गावच्या व्हर्निटा स्प्रूलबाईंना हे एकसष्टाव्या वर्षी कळले. नातीच्या वर्गाची सहल सफरचंदाच्या बागेत निघाली होती. सोबतीला मोठी माणसे हवी होती. बाईंनी नाव दिले. शाळेने (नियमाप्रमाणे, अतिशय गोड शब्दांत) चौकशी केली, तर संगणकावर बाईंचा चौतीस वर्षांपूर्वीचा गुन्हा निघाला. नात सहलीला एकटीच गेली.

सुदैवाने असे जुने गुन्हे कायमचे झाकून टाकण्याचा कायदा राज्याने केलेला आहे. बाईंनी अर्ज केला. न्यायालयातले कारकून पिलार्स्की यांनी तीन आठवडे शोधून कळवले, की तळघरात पाणी शिरल्यामुळे मूळ कागद उरलेले नाहीत. म्हणजे गुन्हा शाळेकडे होता, घरमालकाकडे होता, विमावाल्यांकडे होता. नव्हता तो फक्त न्यायालयाकडे.

"मग सुटलेच की मी," बाई म्हणाल्या.

"तसं कसं, बाई? नाहीच ते झाकू कसं? आधी गुन्हा केला होतात हे सिद्ध करा."

बाई कामाला लागल्या. (निर्दोष ठरण्यासाठी त्यांनी कधी एवढी पायपीट केली नव्हती.) त्यांना पकडणारे पोलीस डेल्बर्ट हॉकर आता ऐंशीचे, त्यांना काही आठवेना. बाईंनी मक्याचा पाव खाऊ घालून, दोन बैठकांत, स्वतःची अटक त्यांना समजावून दिली. फिर्यादीची विधवा म्हणाली, "आम्ही तर विसरूनही गेलो होतो गं." तरीही तिने जबाबावर सही केली.

चौदा महिन्यांनी न्यायाधीशांची खात्री पटली, की बाई खरोखर गुन्हेगार आहेत. आणि त्याच बैठकीत त्यांनी हुकूम दिला, की असे काही घडलेच नाही. घरी येऊन बाई तो कागद मांडीवर ठेवून बराच वेळ रडल्या.

पुढच्या सहलीला त्या गेल्या. बसमध्ये शेजारी एका मुलाची आई, कोलीन, बसली होती. तिने हळूच विचारले, "विचारू नये, पण केलं होतंत तरी काय?"

पुढच्या बाकावरची नात मान न वळवता ऐकत होती.

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "तसा हुकूम आहे."

कोलीनने पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

वाचकांनी तिला नावे ठेवू नयेत. गुन्हा कोणता ते अजून सांगितले नाही, म्हणून तेही मघापासून चुळबुळत आहेत.