ढमीची पोहोच

"एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षांत मी पाठवलेला एकही माल चुकीच्या दारात उतरलेला नाही. आणि तू एका मांजराची काळजी करतेस?"

हे वाक्य सकाळी सहा वाजता, गालावर दाढीचा फेस तसाच ठेवून ज्यांनी बायकोला ऐकवलं, त्यांना गोदामात सगळे 'वेळापत्रक' म्हणत. कोणता ट्रक किती वाजता सुटणार, कोणत्या रस्त्याने जाणार, हे ठरवणं त्यांचं काम. त्यासाठी त्यांचा एक तक्ता असे. 'माल मोजला', 'दार बंद केले', 'सुखरूप पोहोच', आणि प्रत्येकासमोर त्यांची सही.

आता खरं सांगायचं तर या सह्या वेळापत्रक सकाळीच करून ठेवत. एकदा ट्रक भरायला लागले की सह्या करायला सवड कोणाला असते! म्हणून पहिल्या चहाबरोबरच ते दिवसभराच्या सह्या झरझर ओढून मोकळे होत. आजवर काही बिघडलं नव्हतं, कारण फाटकावरचा रखवालदार कागदावर काडीचाही विश्वास न ठेवता प्रत्येक ट्रकमध्ये स्वतः डोकावून बघत असे. पण हे श्रेय वेळापत्रकांनी कधी त्याला दिलं नव्हतं.

आजचा माल म्हणजे ढमी. ढमी ही सासूबाईंची मांजर. साडेसहा किलो वजन आणि वर मधुमेह! सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती महिनाभर इकडे राहायला आली होती. सकाळी सातला खाणं आणि इंजेक्शन, संध्याकाळी सातला खाणं आणि इंजेक्शन. इंजेक्शन घेऊन पोट रिकामं राहिलं, तर तिची साखर धाडकन उतरायची भीती. आता सासूबाई काठी घेऊन का होईना, चालू लागल्या होत्या आणि रोज फोनवर एकच विचारत होत्या, "माझी ढमी कधी येतेय?" जावई कसा आहे, हे त्या कधीच विचारत नसत.

त्यालाही कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी जावयाने सासूबाईंचा मिक्सर दुरुस्तीला नेला होता आणि झाकणाशिवाय परत आणला होता. तेव्हापासून सासूबाईंनी त्यांच्या हाती काही म्हणून सोपवलं नव्हतं. ढमी सुखरूप पोहोचवली की अकरा वर्षांचा डाग एका दिवसात धुऊन निघणार होता! म्हणून वेळापत्रकांनी खास ढमीसाठी तक्ता केला आणि सवयीप्रमाणे चहा पिता पिता सगळ्या सह्या करून टाकल्या.

सात वाजता ढमीने खाल्लं. बायकोने इंजेक्शन दिलं. आठला गाडी निघाली. पाच तासांचा रस्ता, एक वाजता सासूबाईंच्या दारात. काय अवघड आहे?

पहिल्या वळणावर ढमीने गळा काढला. असा गळा काढला की शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून आत कोणाला मारहाण होतेय का ते पाहिलं!

"अहो, हळू चालवा."

"अगं, तक्त्यात ताशी साठ धरलेत."

"तक्ता मांजराला वाचून दाखवा मग!"

पाऊण तासाने गळा थांबला आणि सकाळचं सगळं खाणं पिंजऱ्यातल्या टॉवेलवर आलं. बायकोने घाईघाईने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"इंजेक्शन दिलंय आणि पोटात काही नाही? मग लक्ष ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडं थोडं खायला द्या. आणि मलूल पडली, हाक मारूनही हलली नाही, तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक जवळच्या दवाखान्यात न्या."

पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबली. बायको पाणी आणायला गेली. वेळापत्रकांनी ढमीला मागच्या सीटवर ठेवलं, पिंजरा नळाखाली धुतला, नवा टॉवेल घडी करून आत घातला, दार लावलं आणि मांजर शांत राहावी म्हणून वरून जाडसर कापड टाकलं. काम कसं चोख! फक्त या सगळ्या वेळात गाडीचं मागचं दार सताड उघडं होतं.

बायको परत आली. "ढमी आत आहे ना?"

इथे कोणीही शहाणा माणूस पिंजऱ्यात डोकावला असता. वेळापत्रक तक्त्यात डोकावले. 'नऊ वाजता : मांजर आत, दार बंद.' समोर त्यांचीच सही होती, आणि एकोणीस वर्षांत त्यांनी या सहीवर कधी शंका घेतली नव्हती.

"आहे!" ते म्हणाले.

पुढचा प्रवास म्हणजे निव्वळ सुख. रडणं नाही, ओरडणं नाही. वेळापत्रक स्टिअरिंगवर ताल धरून शीळ घालू लागले. "बघितलंस? आता कशी शहाण्यासारखी बसलीय!"

बायको मात्र सारखी मागे वळून पिंजऱ्याकडे बघत होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "अहो, ही जरा जास्तच शांत नाही का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मलूल पडली तर..."

शीळ बंद. गाडी कडेला. "ढमे! ए ढमे!" काही हालचाल नाही. बायकोने कापडाखालून हात घालून जाळीतून बोट आत सारलं. "अहो, थंड लागतेय! ओलसर, गार! हलतही नाहीये हो!"

वेळापत्रकांची पाचावर धारण बसली. मध! मध कुठे आहे? मध होता सगळ्यात मोठ्या बॅगेच्या तळाशी, कारण सगळ्यांत शेवटी लागणारा माल तळाशी भरायचा, हा गोदामाचा नियम. भर रस्त्यात साड्या, सदरे, सासूबाईंसाठी घेतलेली चादर, सगळं बॉनेटवर पसरलं. बाटली सापडली. बोटांना मध फासून, डोळ्यांत पाणी आणून, वेळापत्रकांनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि टॉवेलला मध चोळला.

दोघं क्षणभर त्या टॉवेलकडे बघत राहिले.

"ती मेली नाही!" वेळापत्रक आनंदाने ओरडले.

"ती नाहीच आहे!" बायको त्याहून मोठ्याने ओरडली.

परत फिरायचं तर रस्त्याला मधून कठडा. वळायची जागा नऊ किलोमीटर पुढे! ताशी साठचा हिशेब वेळापत्रक स्वतःच विसरले. सगळ्या वाटेवर बायको एक अक्षर बोलली नाही, आणि लग्नाला चौदा वर्षं झाल्यामुळे याचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. सासूबाई दारात काठी टेकून उभ्या आहेत आणि आपण त्यांच्या हातात रिकामा पिंजरा देतोय. मिक्सरचं निदान झाकणच हरवलं होतं. इथे झाकण होतं, मिक्सरच नव्हता!

पंपावरच्या काचेच्या खोलीत, पावत्या देणाऱ्या बाईंच्या टेबलावर, ढमी पाय पसरून बशी चाटत बसली होती.

"तुमची का ही?" बाई म्हणाल्या. "भेलकांडत आत आली हो! उपाशी दिसली. माझ्या चहासाठी दूध होतं, तेच दिलं."

"नुसतं दूध ना?" बायकोने धास्तावून विचारलं.

"नुसतं कसं? साखर घातलेलं. चांगली दोन चमचे!"

बायकोने ढमीच्या तोंडापुढची बशी ओढून घेतली. महिनाभर त्या मांजराच्या वाऱ्यालाही साखर लागू दिली नव्हती! तिने पुन्हा फोन लावून तक्त्यासकट सगळं सांगितलं. पलीकडे डॉक्टरीणबाई हसत सुटल्या.

"भेलकांडत होती म्हणजे साखर उतरलीच होती. त्या बाईंनी वाचवली तिला! साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात ना, तसं झालं. पण आजच्यापुरतंच हं. तासभर तिथेच थांबा, तिचं खाणं भरवा, आणि वाटेत दर अर्ध्या तासाला तिच्याकडे बघा. तिच्याकडे, कागदाकडे नाही!"

दोघांचा जीव भांड्यात पडला. तासाभराने ढमी बायकोच्या देखरेखीखाली पिंजऱ्यात गेली.

"आईला यातलं काहीही कळता कामा नये," बायको म्हणाली.

"अवाक्षरही नाही!" वेळापत्रक म्हणाले.

साडेचार वाजता गाडी सासूबाईंच्या दारात लागली. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पिंजरा उघडताच ढमी तुरुतुरु जाऊन त्यांच्या मांडीवर चढली. त्यांनी तिला कानापासून शेपटापर्यंत चाचपलं, दोनदा 'माझं बाळ ते' म्हटलं, डोळे पुसले आणि मग चष्मा लावला.

"जावईबापू, तो तुमचा तक्ता द्या बघू. फोनवर फार कौतुक सांगत होतात."

नाही कसं म्हणणार? सासूबाई मोठ्याने वाचू लागल्या.

"'नऊ वाजता : मांजर आत, दार बंद.' छान. 'दहा वाजता : मांजर शांत.' छान. 'वाटेत गोड काही दिले नाही.' उत्तम! 'एक वाजता : सुखरूप पोहोच.'" त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि शेवटची ओळ वाचली. "'सासूबाई खूश.' इथेही तुमचीच सही?"

वेळापत्रक खिशातलं पेन चाचपू लागले.

"जावईबापू, मी खूश होणार हे तुम्हाला आधीच कळलं होतं?"

मग मात्र त्यांना राहवेना. टॉवेल, मध, कठडा, दोन चमचे साखर, त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. बायकोने कपाळावर हात मारला. सासूबाई गंभीर चेहऱ्याने ऐकत होत्या, पण मांडीवरची ढमी गदगदा हलत होती, आणि ती काही स्वतःहून हलत नव्हती.

"पेन द्या," सासूबाई म्हणाल्या.

'सासूबाई खूश' समोरची जावयाची सही त्यांनी आडवी रेघ मारून खोडली आणि तिथे सावकाश स्वतःची सही केली. खाली शेरा लिहिला : 'ढमी मिळाली. या वेळी झाकणासकट.'

सोमवारी गोदामातला पहिला ट्रक एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच वीस मिनिटं उशिरा सुटला. वेळापत्रक स्वतः ट्रकच्या मागे वाकून आत बघत होते. फाटकावरचा रखवालदार धावतच आला आणि काळजीने विचारू लागला, "साहेब, बरं वाटत नाहीये का?"