भांडलेले साक्षीदार

फुलसावंगीजवळ माह्या वावराले लागून बंजाऱ्यायचा तांडा हाय. तिथला परसराम काका भांडलेल्या मानसायले एक होऊ देत नाही. चार लोकं समझोता कराले बसले का हा मधात जाऊन उभा. "थांबा ना बाप्पा. माहा इतिहास होऊ द्या, मंग बोला एकमेकासंग."

काका तांड्याचा इतिहास जमा करून राह्यला. आजे-पनजे बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर हिंडत, ते सारं. त्याचं म्हननं असं, का दोस्तायनं एकच गोष्ट सांगतली तं ती शिकवलेली असंन. दुश्मनायनं एकच सांगतली, तं ती झाली असंन.

शाळेत मी फकस्त मत टाकाले जातो, म्हनून मले काहीबी लवकर पटते. एकदा म्या छाती फुगवून सांगतलं, "काका, माह्या आज्यानं वाघ मारलता."

"तुले कोनं सांगतलं?"

"आज्यानं."

"वाघाच्या बाजूनं कोनी हाय का?"

घरी मायले इचारलं, तं ती म्हने, आजा कुत्र्याले भेत जाय. तवापासून आमच्या खानदानात वाघ नाही.

काकाचे लाडाचे साक्षीदार म्हंजे तांड्यातल्या दोन म्हाताऱ्या, जमनीकाकी अन् सोनीकाकी. सख्ख्या जावा, पन एका कोंबडीवरून कैक वर्षं बोलनं बंद. दिवाळीले मले पुण्य कराची हुक्की आली. दोघीले एका बाजीवर, एका खाटेवर बसवाले गेलतो, तं काकानं मले अंगनातूनच हाकललं. "माहे साक्षीदार खराब करतं का बे?"

पन एका गोष्टीपाशी काकाचं घोडं अडलं होतं. तो रांगत होता तवाच त्याची याडी, म्हंजे माय, गेली. फोटो नाही. तिले पाह्यलेल्या आता या दोघीच. जमनीकाकी म्हने, काळी अन् उंच. सोनीकाकी म्हने, गोरी अन् ठेंगनी. दुसरी कोनती गोष्ट जुळली नाही, तं काका सोडून दे. ही काही सोडे नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी.

यंदा सोनीकाकी बिमार पडली. पुसदच्या दवाखान्यातून तिले घरी आनलं, तवा काका माह्याकडे आला. "जमनीकाकीले गाडीवर घेऊन ये."

"दोघी संगं? अन् साक्षीदार खराब झाले तं?"

"घेऊन ये म्हनलं ना."

आनली. दोघी एका बाजीवर बसल्या, तोंडं दोन दिशेले. काकानं हळूच इचारलं, "माही याडी दिसे कशी वं?"

"काळी," जमनीकाकी म्हने.

"तुले तवाबी दिसत नव्हतं का वं? गोरी होती!"

"हो, चुलीतल्या लाकडासारखी गोरी! अन् याले कडेवर घेऊन होळीत नाचे, तवा तिच्याहून उंच एक बाई नव्हती."

"नाचे ते खरं. पन ठेंगनीच!"

मले वाटलं, आपन अक्कल चालवावी. "भांडता कायले? काका, गव्हाळ लिहा ना. मधातली."

काकानं माहा गुडघा दाबला. "चूप बस. बोलू दे त्यायले."

लय वेळानं सोनीकाकीले धाप लागली. जमनीकाकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे वं सोने. असंन गोरी."

गोष्ट मिटली म्हनून मी गाडीची चाबी काढली. काका घाईघाईनं बाजीजवळ सरकला.

"अन् केस, काकी? केस कसे होते तिचे?"